हक्काची सुट्टी



"सहल म्हणजे पैसेवाल्यांची चैन," असे आपल्या वस्तीत अजूनही म्हटले जाते. आमच्या घरीही हेच म्हणत. तरी यंदाच्या हिवाळ्यात आम्ही सगळे एक दिवस अलिबागला जाऊन आलो. त्याची हकिगत आज सांगते.

पहिला विरोध आमच्या ह्यांचा. हे ठेकेदाराकडे कामाला. एक खाडा झाला की एक रोज कापला जातो. "रोजही बुडणार आणि वर खर्चही होणार," हे म्हणाले. दुसरा विरोध सासूबाईंचा. "समुद्र काय नवा हाय का? दरसाल सहा डिसेंबरला बघतोच की चैत्यभूमीवर." मी म्हटले, "आई, तो रांगेतून बघतो. एकदा बसून बघू." भिशीचे पैसे आले होते. त्यातूनच निघालो.

पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, सुक्या बटाट्याची भाजी केली, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. गेटवेवरून मांडव्याची लाँच धरली. पाण्यातून तासाभराचा प्रवास. मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस लाँचच्या तिकिटातच धरलेली असते, हे ठाऊक नसेल तर रिक्षाला उगाच पैसे जातात. पावसाळ्यात ह्या लाँचा बंद असतात, तेव्हा एस. टी.नेच जावे.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात त्याचे काम सुरू झाले. ओहोटी असली की चालत जाता येते, घोडागाडीही मिळते. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणून किनाऱ्यावर आधी विचारून घ्यावे आणि पाणी चढण्यापूर्वी परतावे. आम्ही साड्या वर खोचून, मुलांचे हात धरून चालत गेलो.

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये ही गोडी विहीर! मुले वाकून बघू लागली. सासूबाई मात्र काठापासून दूरच उभ्या राहिल्या. मी म्हटले, "आई, जवळ या ना." तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सवय गं. लहानपणी गावच्या विहिरीपाशी अशीच लांब उभी राहायची मी. कुणीतरी घागरीत वतंल म्हणून. दुपार व्हायची." मग धाकट्या नातीने त्यांचा हात ओढला आणि त्या काठापर्यंत आल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या.

मुलांना मी तिथेच सांगितले, की हा रायगड जिल्हा पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. याच जिल्ह्यातल्या महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी खोतांच्या जाचाविरुद्ध कुळांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमिनी न कसता संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांनी त्या कुळांची बाजू घेतली आणि 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुस्तकात वाचून मुले विसरतात. त्या मातीवर उभे राहून ऐकले की लक्षात राहते.

परत येऊन वाळूत बसलो, भाकरी सोडली. जेवण झाल्यावर सासूबाई उठू लागल्या. "आता काय करायचं?" "काही नाही आई, बसायचं." "नुसतं?" चाळीस वर्षे दुसऱ्यांची धुणीभांडी केलेल्या बाईला नुसते बसणे म्हणजे काहीतरी चुकते आहे असेच वाटले. पण बसल्या. दोन तास बसल्या. पाय पाण्याकडे पसरून.

तेव्हा ह्यांच्याकडे वळून मी म्हटले, बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, 1945 साली, बारमाही कारखान्यांतल्या कामगारांना वर्षाला दहा दिवसांची पगारी सुट्टी कायद्याने मिळाली. 1946 साली आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 झाले. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, कामगाराचा हक्क आहे, हे त्यांनी कायद्यात लिहवून घेतले.

हे म्हणाले, "पण मला ठेकेदार कुठे देतो?" खरे आहे. हजेरीपुस्तकात नावच नसले की कायद्यातला हक्क कागदावरच राहतो. आणि घरकाम करणाऱ्या बायांच्या हाती तर एवढाही कागद नसतो. म्हणून नाव लावून घेणे, युनियनमध्ये जाणे, सुट्टी मागणे हे आपले काम आहे. बुडालेला तो एक रोज आम्हाला सोसावा लागला, तो का सोसावा लागला हे मुलांनाही कळले.

भगिनींनो, एक सुचवते. आपण भिशी लावतोच. त्यातला एक छोटा हप्ता सहलीसाठी बाजूला ठेवा. चार घरे मिळून गेलात तर खर्च कमी येतो आणि डबाही वाटून खाता येतो. आणि घरातल्या म्हातारीला आधी न्या, तिच्याकडे सांगण्यासारखे बरेच असते.

संध्याकाळी लाँचमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी विचारले, "दमलात का?" म्हणाल्या, "न्हाय गं. आज पहिल्यांदा दमले न्हाय."

जयभीम!