दोष हाताला देऊ नका

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत पाय ठेवायला जागा उरत नाही. शनिवार-रविवारी गाडीच्या डिकीत मोगरा, जास्वंद, दोन गुलाब आणि एखादा अरेका पाम घालून माणसं घरी परततात. पुढची होळी येईपर्यंत यातल्या कितीतरी कुंड्यांत घट्ट झालेली माती आणि एक वाळकी काडी तेवढी राहते. मग घरोघरी ठरलेलं वाक्य ऐकू येतं, 'माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत.' शेजारच्या काकूंच्या गॅलरीत तीच झाडं फोफावलेली दिसतात आणि या वाक्यावरचा विश्वास आणखी पक्का होतो.

हा विश्वास सोडून द्यायला हवा. झाड जगतं ते उजेड, पाणी, माती आणि हवा यांच्या जोरावर. काकूंच्या गॅलरीसमोर इमारत नाही आणि तिथे सकाळचं ऊन चार तास राहतं, एवढ्यातच निम्मं उत्तर असतं. उरलेलं निम्मं रोपवाटिकेत दडलेलं आहे, कारण झाड विकत देताना त्याच्याविषयी जे सांगायला हवं ते बहुतेक ठिकाणी सांगितलंच जात नाही.

उदाहरण तुळशीचंच घ्यावं. तुळस वाळली की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येते, आणि कोणी उघड बोललं नाही तरी तिला रोज पाणी घालणाऱ्या बाईला अपराधी वाटू लागतं. वाड्यातलं वृंदावन अंगणात उघड्या आभाळाखाली असे. दिवसभर ऊन लागे, आत खोलवर माती असे, त्यामुळे सकाळी घातलेलं तांब्याभर पाणी संध्याकाळपर्यंत जिरून जाई. आज तीच तुळस चौथ्या मजल्यावर, आठ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत, ग्रिलच्या आत असते. ऊन जेमतेम तासभर, तांब्या मात्र तोच. श्रावणात हवेत ओल भरलेली असतानाही पूजेचं पाणी चुकत नाही. माती महिनोन्‌महिने चिकट राहते आणि खालून मुळं कुजू लागतात. त्यात मंजिऱ्या खुडल्या गेल्या नाहीत तर बी धरण्यात झाडाची ताकद खर्च होते आणि तुळशीच्या लग्नानंतर, थंडीच्या तोंडावर, ते काडीवर येतं. तुळस वडा-पिंपळासारखी पिढ्यान्‌पिढ्या जगणारी नाही, तिचं आयुष्य थोड्याच वर्षांचं. ती गेली यात अशुभ काही नाही आणि कोणाचा दोषही नाही. रोजच्या पूजेला पळीभर पाणी पुरतं. पोटभर पाणी माती वाळल्यावरच द्यावं, मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात आणि पहिली तुळस टवटवीत असतानाच शेजारी दुसरं रोप धरून ठेवावं. श्रद्धाही राहते, तुळसही राहते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरातली झाडं तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त दगावतात. कोणत्याही अनुभवी माळ्याला विचारावं, तो हेच सांगेल. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. मुळांना प्राणवायू मिळतो तो याच हवेतून. पाणी सतत साचून राहिलं की पोकळ्या भरतात, मुळं गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या बुरशीसदृश रोगजंतूंना मोकळं रान मिळतं. मुळं सडली की त्यांना पाणी वर ओढता येत नाही, म्हणून भरपूर ओल असतानाही पानं माना टाकतात. घरातल्या माणसाला दिसतात ती फक्त कोमेजलेली पानं. त्याला वाटतं झाड तहानलंय, आणि तो आणखी पाणी ओततो. झाडाच्या काळजीनेच झाड जातं, ते असं.

यावर उपाय फुकटचा आहे. तर्जनी दोन पेरं मातीत खुपसून बघावी. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. छोटी कुंडी असेल तर उचलून बघावी, पाणी प्यायलेली आणि वाळलेली कुंडी यांच्या वजनातला फरक आठवडाभरात हाताला कळू लागतो. 'आठवड्यातून दोनदा' यासारखं वेळापत्रक कोणी दिलं तर ते बाजूला ठेवावं. नागपूरच्या मे महिन्यात आणि रत्नागिरीच्या जुलैत एकच वेळापत्रक कसं चालेल? कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, हे तर डेंग्यूच्या डासांमुळेही पाळायलाच हवं.

उजेडाच्या बाबतीत माणसाचे डोळे त्याला फसवतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. दिवाणखान्यात खिडकीपासून आठ-दहा फुटांवर तो काहीशे लक्सवर आलेला असतो. बाहुली मोठी होऊन डोळा जुळवून घेतो, त्यामुळे खोली आपल्याला छान उजळलेली वाटते. पानाला अशी सोय नाही. टीव्हीच्या शेजारी ठेवलेला मोगरा त्यामुळेच लांबट, फिकट होत जातो आणि एकही कळी न धरता संपतो. फोनवर उजेड मोजणारी ॲप फुकट मिळतात. ती अगदी अचूक नसली तरी खिडकी आणि कोपरा यांतली तफावत दाखवायला पुरेशी आहेत.

गॅलरीची दिशाही बघावी लागते. शून्य सावलीचे दिवस मराठी वाचकांना आता माहीत आहेत. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. उत्तरेच्या गॅलरीत मे-जूनमध्ये ऊन येतं ते म्हणूनच, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढचे सहा महिने तिथे थेट ऊन फिरकत नाही. मे महिन्यात तिथे आणलेली जास्वंद दिवाळीनंतर रुसते तेव्हा खत कमी पडलं असं समजून खत वाढवलं जातं. तिला हवं असतं ऊन. शेवंतीचं याच्या उलट असतं. तिला कळ्या धरायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. रस्त्यावरचा दिवा गॅलरीत रात्रभर पडत असेल तर निरोगी शेवंतीही नुसती पानंच वाढवत बसते.

मग घरात आत काय ठेवावं? स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, झीझी प्लांट पूर्व आफ्रिकेतलं. एक पानांत, दुसरं जमिनीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवून ठेवतं. कमी उजेडात दोन्ही तग धरतात, फक्त त्यांना लाडाने रोज पाणी घालू नये. मनी प्लांटही खिडकीजवळ बरं चालतं.

पण ही झाडं 'हवा शुद्ध करणारी' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर ते घेऊ नये. या दाव्याचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या अभ्यासात आहे. बी. सी. वॉल्व्हर्टन यांनी छोट्या हवाबंद पेट्यांत झाडं ठेवून ते प्रयोग केले होते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा घेतला. साध्या घरात हवा खेळती असल्यामुळे जे आपोआप होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. झाड घरात असावं ते डोळ्याला आणि मनाला बरं वाटतं म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. खोट्या आशेवर अंधाऱ्या बेडरूममध्ये आणून ठेवलेलं झाड मरतं आणि घरातल्यांना हिरमुसलं करून जातं.

आता रोपवाटिकेकडे वळू. आपल्याकडची पुष्कळशी झाडं आंध्रात राजमुंद्रीजवळच्या कडियममधून येतात. गोदावरीच्या खोऱ्यातला तो रोपवाटिकांचा पट्टा देशभर झाडं पुरवतो. पुण्याजवळ उरुळी कांचन, सोरतापवाडीचा पट्टाही असाच. तिथे शेडनेटखाली, दमट हवेत, वेळेवर खतपाणी मिळत झाड वाढलेलं असतं. ते एकदम सातव्या मजल्यावरच्या भणाण वाऱ्यात येतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते पानं गाळतं, फायकस तर नुसती जागा बदलली तरी गाळतो. हा काळ त्याला सावलीत, न हलवता, खत न देता काढू द्यायला हवा. हे एक वाक्य विकताना सांगितलं तर कितीतरी झाडं वाचतील.

मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळाही बघण्यासारखा असतो. वाहतुकीत फुटू नये म्हणून चिकण माती घट्ट लिंपलेली असते. घरी तो गोळा तसाच, कोकोपीट आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात बसवला जातो. वरून घातलेलं पाणी भोवतालच्या मिश्रणातून सरसर खाली जातं आणि मधला गोळा आतून कोरडा ठणठणीत राहतो. कुंडीतून पाणी वाहताना दिसतं, झाड मात्र तहानेने जातं. झाड लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावा, बुडबुडे थांबले की काढावा आणि कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करावी.

गुलाबाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी. बाजारातला गुलाब बहुतेक वेळा डोळा भरून केलेला असतो. खाली जंगली गुलाबाचा काटक खुंट, वर हव्या त्या जातीचा डोळा. जोडाची जागा गाठीसारखी फुगीर दिसते. वर्षभराने अनेकांकडे असं होतं की फुलं थांबतात आणि झाड मात्र जोमाने, सरळ उंच वाढायला लागतं. घरात आनंद होतो. प्रत्यक्षात गाठीच्या खालून खुंटाला फूट आलेली असते आणि ती वरच्या जातीचं अन्न खात असते. तिची पानं बारीक, फिकी असतात, एका पानात पर्णिकाही बऱ्याचदा पाचाऐवजी सात असतात. ती फूट दिसल्या दिसल्या मुळाशी खुडून टाकायची, नाहीतर हौसेने आणलेला गुलाब वर वाळतो आणि कुंडीत जंगली खुंट राज्य करतो. गाठ मातीच्या वर ठेवायची हे तरी किती जणांना दुकानात सांगितलं जातं?

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. अनेक सोसायट्या बोअरच्या जड पाण्यावर चालतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो त्यातल्या क्षारांचा. अनंताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर समजावं की या पाण्यामुळे त्याला लोह घेता येत नाही. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर भर पडते, कारण बहुतेक सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतात. अशा ठिकाणी पावसाचं पाणी पिंपात साठवावं, निदान अनंतासारख्या नाजूक झाडांपुरतं तरी.

किडींचं थोडक्यात. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं आणि फांदीवर मुंग्यांची ये-जा असली की तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने पुसायचा, फारच लागलेला शेंडा कापून टाकायचा, मुंग्या हटवायच्या आणि निंबोळी तेलाची फवारणी आठवड्याच्या अंतराने चालू ठेवायची. एका फवारणीत काम होत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार'मधून सामान्य माणसांना पानावर पडणाऱ्या उन्हाचं गणित आणि पालापाचोळ्यातून माती घडवणं शिकवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या आणि फळझाडं पिकवून दाखवली. त्यांनी आपल्या उन्हाचा, पाण्याचा आणि कचऱ्याचा नीट अभ्यास केला आणि तो सगळ्यांना मोकळेपणाने सांगितला. आज असा सांगणारा माणूस दुकानात भेटत नाही. आता तर समारंभात पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची चांगली प्रथा रुजते आहे. पण पाहुण्याच्या घरी ऊन आहे का, हे न विचारता दिलेलं रोप महिन्याभरात कचऱ्याच्या डब्यात जातं.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे, परवाना लागतो, कारण शेतकऱ्याची फसवणूक होऊ नये. गॅलरीतल्या मोगऱ्यासाठी कायदा करावा असं कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक रोपाला एक चिठ्ठी बांधणं रोपवाटिकांना अजिबात जड नाही. झाडाचं नाव, थेट ऊन किती तास, पाणी केव्हा, कलमी आहे का, पहिला महिना कसा सांभाळायचा, एवढ्या पाच गोष्टी मराठीत लिहिल्या की झालं. प्रत्येक महापालिकेत उद्यान विभाग आहे, राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा भायखळ्याच्या राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा हजारो लोक येतात. तिथे आजारी झाडाचं पान घेऊन आलेल्या माणसाला सल्ला देणारं एक टेबल या संस्थांनी कायमचं मांडावं. शहरात झाडं वाढावीत असं सगळेच म्हणतात, तर आणलेली झाडं टिकवायला मदत करणं हेही त्यांचंच काम आहे.

वाचकांनीही येत्या मोसमात एवढं करावं. रोपवाटिकेत जाण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी आपल्या गॅलरीत थेट ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते कागदावर लिहून घ्यावं. तो कागद दुकानदारापुढे ठेवावा आणि 'एवढ्या उन्हात जगेल असं झाड द्या' असं सांगावं. झाडाचं नाव आणि पाण्याची रीत सांगितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.