उंबऱ्यावर बसलेली मावशी

द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात जयंत पवारांचे 'अधांतर' शिकवत असतानाची गोष्ट. 1982 च्या गिरणी संपाने विस्कटलेल्या घरातला नरू गुन्हेगारीकडे का वळतो, असा ठरावीक प्रश्न मी विचारला आणि ठरावीक उत्तरांची वाट पाहू लागलो. बेकारी, दारिद्र्य, बदललेले अर्थकारण वगैरे. मागच्या बाकावरचा, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, त्याला वेळेवर कुणी अडवलं नाही म्हणून." वर्ग हसला. खरे सांगायचे तर मलाही ते उत्तर गुण देण्याजोगे वाटले नाही.

तास संपल्यावर तो थांबला आणि त्याने त्याच्या मावशीची हकीकत सांगितली. वस्तीतल्या दोन पोरांत मोबाइलवरच्या कुठल्याशा स्टेटसवरून बाचाबाची झाली होती. रात्री एकाने घरातून कोयता काढला. मावशी चार घरांची धुणीभांडी करते, बचत गटाचा हिशोब ठेवते. ती त्या पोराच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर बसली. उपदेश केला नाही, पोलिसांना फोन केला नाही. पहाटेपर्यंत नुसती बसून राहिली. तिला ओलांडून बाहेर पडण्याची पोराची छाती झाली नाही. सकाळपर्यंत डोके थंड झाले.

ही गोष्ट येथे संपली असती तर ती शालेय पाठ्यपुस्तकात शोभली असती. पण काही महिन्यांनी पुन्हा तसाच प्रसंग आला. मधल्या काळात मावशीचे एक काम सुटले होते; रात्रभर जागून सकाळी उशिरा पोहोचलेल्या मोलकरणीला कोण ठेवून घेईल? शिवाय दोन्ही घरांनी तिला दुसऱ्या बाजूची ठरवले होते आणि चौकीत तिला नावे विचारली गेली होती. दुसऱ्या वेळी ती गेली नाही. एका मुलाची तीन बोटे गेली, दुसरा येरवड्याला गेला.

मी तेव्हापासून त्या उत्तराला किती गुण द्यावेत याचा विचार करतो आहे.

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द रुळला. 2022-23 पासून तो इतका वापरला गेला, की जणू या नावाची एखादी संघटना कुठे कार्यालय थाटून बसली आहे. प्रत्यक्षात तिच्या नावावर जे मोडते त्यातले बरेचसे गल्लीतले असते: रात्री रांगेने उभ्या असलेल्या रिक्षांच्या आणि मोटारींच्या काचा फोडणे, तलवारीने केक कापणे, जामिनावर सुटलेल्याची मिरवणूक, मग त्या मिरवणुकीने डिवचल्या गेलेल्यांचा हल्ला. ऊस तोडायचा, नारळ सोलायचा कोयता शहरात येऊन अब्रूचे हत्यार झाला. संघटित टोळ्यांचे खून हा वेगळा प्रकार आहे, त्यामागे जमीन आणि पैसा असतो, आणि त्याचा बंदोबस्त पोलिसांनीच करायला हवा. मी बोलतो आहे ते सोळा ते बावीस वयाच्या पोरांच्या चढाओढीविषयी. तिच्यात मिळवायचे काहीच नसते, फक्त गमवायचे नसते.

यावर आपली उत्तरे कोणती? 1999 चा मकोका, 1981 च्या कायद्याखाली स्थानबद्धता, तडीपारी. आणि ज्या वस्तीत दहशत माजवली त्याच वस्तीतून आरोपींची धिंड. धिंडीच्या चित्रफिती मध्यमवर्गीय पुणेकर मोठ्या समाधानाने एकमेकांना पाठवतात. आमच्या प्राध्यापक-कक्षातही त्या पाहिल्या जातात. मला या धिंडीचे भय वाटते ते मानवी हक्कांच्या कारणाने तर आहेच, पण त्याहून अधिक एका साध्या व्यवहारी कारणाने. ज्या पोराचे सगळे भांडण चारचौघांतल्या इज्जतीवरून सुरू झाले, त्याला आपण त्याच चौघांसमोर बेइज्जत करून परत पाठवतो, आणि तो शांत होईल अशी अपेक्षा धरतो. तडीपारी त्याला पुण्याबाहेर काढते; ज्या आजीचा, मामाचा धाक उरला होता, त्यांच्यापासूनही तोडते.

(मे 2024 मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर एका अल्पवयीन मुलाला घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीने देशभर संताप उसळला. मराठीचा शिक्षक या नात्याने निबंधाच्या सुधारक शक्तीवरील तो विश्वास पाहून मला थोडे गहिवरून आले. वस्तीतल्या पोरांच्या वाट्याला निबंधही येत नाही.)

मावशीने एकटीने केले ते काम रचनेने करून पाहण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे आणि आपण तो विसरत चाललो आहोत. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलुगू पद्मशाली आणि मराठी अशी दाट वस्ती. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथे दंगल पेटली. तिची आणि जळगाव-महाडची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे 1984 मध्ये पुन्हा पेटली आणि मुंबई-ठाण्यापर्यंत पसरून अडीचशेहून अधिक माणसांचा बळी घेऊन गेली. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी जुन्या शांतता समित्यांकडे पाठ फिरवली. या समित्या म्हणजे सणाच्या आधी चहापानाला जमणारे पुढारी, हे त्यांनी ओळखले होते. त्यांऐवजी सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे होती. बैठका नियमित होत आणि त्यांत जातीय सलोख्यावर भाषणे नसत. नळाचे पाणी, गटार, शेजाऱ्यांची भांडणे, पोलीस ठाण्यात अदखलपात्र म्हणून पडून राहणाऱ्या तक्रारी, हे विषय असत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी आपल्या पुस्तकाला 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे नाव दिले आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली ती याच कारणाने.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली क्षुल्लकता. गटाराच्या तक्रारीसाठी दहा वेळा भेटलेली माणसे अकराव्या वेळी, अफवा पसरत असताना, एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवू शकतात. आपल्याकडे दंगलीसमोर छाती काढून उभ्या राहणाऱ्याचा गौरव होतो, आणि व्हायलाच हवा. 1 जुलै 1946 रोजी अहमदाबादेत मराठी कुटुंबातले वसंतराव हेगिष्टे आणि त्यांचे मित्र रजब अली लाखाणी जमावाला अडवताना मारले गेले. त्यांचे स्मरण आजही होते. गटाराच्या बैठकीला न चुकता येणाऱ्याचे स्मारक कोण उभारणार? पण हेगिष्ट्यांवर ती वेळ येऊ नये यासाठी करायचे काम तेच आहे.

भिवंडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती रचना पोलिसांची होती आणि पोलीस अधिकारी बदलून जातात. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला, गोळीबार झाला आणि दोन पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. विश्वास हा टेबलावरच्या फायलीसारखा पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती सोपवता येत नाही.

शिकागोत याच्या उलट टोकाचा प्रयोग झाला. गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ आफ्रिकेत कॉलरा आणि एड्सवर काम करून परतले, आणि गोळीबारही साथीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जातो असे त्यांनी मांडले. 2000 मध्ये शहराच्या एका भागात काम सुरू झाले. एकेकाळी स्वतः टोळीत असलेली, तुरुंग भोगून आलेली माणसे पगारावर नेमली गेली. हल्ला झाला की ती जखमीच्या मित्रांना रुग्णालयात गाठत, कारण सूड तेथेच शिजतो. पोलिसांना ती माहिती देत नसत. दिली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलले नसते. या कामावर 'द इंटरप्टर्स' नावाचा माहितीपट 2011 मध्ये आला. निष्कर्ष सर्वत्र सारखे नव्हते. काही भागांत गोळीबार घटला, काही ठिकाणी फरक दिसला नाही, काही कार्यकर्ते पुन्हा गुन्ह्यात सापडले, आणि 2015 मध्ये राज्याने निधीच थांबवला. तरीही मला तिथले एक तत्त्व पटते: ज्याचे ऐकले जाते त्याला शोधा आणि त्याला पगार द्या.

पुण्यात अशी माणसे नाहीत असे कुणी म्हणू नये. गणेश मंडळाचे, आता केस पांढरे झालेले कार्यकर्ते, तालमीतले वस्ताद, अंगणवाडी सेविका, तुरुंगातून सुटून वडापावची गाडी लावणारा एखादा. प्रत्येक वस्तीत अशी तीन-चार नावे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांचा गट बांधणे आणि तो गट चालवणे हे मात्र वेगळे कौशल्य आहे, आणि समाजसेवेच्या आपल्या कल्पनेत त्याला जागाच नाही. असा गट चालवणाऱ्याने काय करायचे? पगार एक तारखेला मिळतो की नाही हे पाहायचे. रात्रपाळी लावायची, आणि रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचे. एकट्याला कधीही पाठवायचे नाही. ज्याचा भाचा भांडणात आहे त्याला त्या भांडणापासून दूर ठेवायचे. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्या कुणाचा फोटो झळकणार नाही याची काळजी घ्यायची. हे शेवटचे बहुधा सर्वांत कठीण.

पण खरी अडचण कायद्याची आहे. कोण कुणावर चालून जाणार आहे हे या माणसांना आधी कळणार, त्याखेरीज ती अडवणार कशी? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 33 म्हणते, की खुनासारख्या काही गुन्ह्यांचा नुसता बेत कळला तरी नागरिकाने तो पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवला पाहिजे. तरतूद जुनीच आहे, पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. मावशीला चौकीत नावे विचारणारा हवालदार त्याच्या जागी चुकीचा नव्हता. आणि नावे न सांगणारी मावशीही चुकीची नव्हती, कारण नावे सांगितली असती तर तिचा उंबरा कायमचा गेला असता. हा पेच पोलीस आयुक्तालय आणि महानगरपालिका यांनी एकत्र बसून लेखी सोडवावा लागेल. कोणती माहिती गटाने दिलीच पाहिजे आणि कोणती त्याला विचारायची नाही, हे आधी ठरले पाहिजे. माझ्या मते रेषा अशी असावी: झालेल्या गुन्ह्याचा तपास पोलिसांचा, त्यात गटाचा माणूस मध्यस्थी करणार नाही, न झालेल्या गुन्ह्याच्या रात्री मात्र काही तास त्या माणसाचे. यात धोका आहे. अडवताना एखाद्या रात्री अपयश येईल आणि मग 'तुम्हाला माहीत होते' हा प्रश्न येईल. त्या वेळी गटाच्या प्रमुखाने पुढे येऊन उत्तर द्यायचे, मावशीला पुढे करायचे नाही.

विजय तेंडुलकरांनी सत्तरच्या दशकात नेहरू शिष्यवृत्ती घेऊन वाढत्या हिंसाचाराचा अभ्यास केला होता. आम्ही त्यांची नाटके शिकवताना 'माणसातील आदिम हिंसा' हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. लिहून लिहून तो गुळगुळीत झाला आहे. हिंसा आदिम असेल, पण त्या वस्तीत ती रात्री पावणेअकराला, एका विशिष्ट दारातून बाहेर पडत होती, आणि एकदा ती थांबली होती.

त्या विद्यार्थ्याला परवा विचारले, मावशी आता काय करते. नवे काम लागले आहे, सकाळी सहाला निघते, म्हणाला. मग जरा थांबून, "पगार असता तर गेली असती, सर. ती घाबरत नव्हती."