फडातला शब्बाथ

कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की फलटण तालुक्यातून रविवार नाहीसा होतो. निदान ज्यांच्या हाती कोयता असतो त्यांच्यापुरता तरी. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, नीरा उजव्या कालव्याच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि तिथून मार्च-एप्रिलपर्यंत त्या माणसांना वाराचं भान राहत नाही. अंधारात फडात शिरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि ट्रॅक्टर रात्री अकराला आला तर तेव्हाही उठून तो भरायचा. आम्ही इथली मूठभर ख्रिस्ती कुटुंबं त्याच फडांच्या कडेच्या रस्त्यानं रविवारी सकाळी उपासनेला जातो. उपासनेत दहा आज्ञा वाचल्या जातात. चौथी आज्ञा शब्बाथाची, विसाव्याची.

ती आज्ञा नीट वाचली तर तिच्यात देवळाचा उल्लेखही सापडत नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कोणी विसावा घ्यायचा याची यादीच आहे: तू, तुझी मुलंबाळं, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझा बैल, तुझं गाढव, आणि तुझ्या वेशीच्या आत राहायला आलेला परका. पुढे कारणही दिलं आहे. तूही कधी मिसर देशात दास होतास, ते आठव. तुझ्यासारखाच तुझ्या गड्यालाही विसावा मिळू दे. धर्मग्रंथात सुट्टीचा नियम असतो हे एक वेळ समजू शकतं. पण त्या नियमात बैल आणि परका आणि मोलकरीण एकेक करून मोजलेले असावेत, आणि त्याचं कारण म्हणून मालकाला त्याच्या स्वतःच्या गुलामीची आठवण करून द्यावी, ही विचार करण्याची पद्धत मला बायबलचा गाभा वाटते. आठवण हीच तिथे आज्ञेची मुळी आहे.

मी मूळची मिरजेची. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभारलेल्या रुग्णालयात माझे वडील कंपाउंडर होते. आज्ञेतल्या त्या यादीत घरच्या बाईचं नाव नाही, हे माझ्या आईला कायम खटकायचं. ती वडिलांना ते बोलून दाखवायची आणि वडिलांनी ते मनावर घेतलं. शनिवारी संध्याकाळी दोघं मिळून रविवारची तयारी करत आणि रविवारची भांडी वडील घासत. आमच्या घरात बायबलचा विचार असा आला, मोरीतून. सिद्धांत आम्ही पुष्कळ उशिरा शिकलो.

आजी निरक्षर होती. तिचं माहेर नगरकडचं, महारवाड्यातलं. वेठ काय असते, पाटलाचा निरोप आला की हातातली भाकरी ठेवून कसं उठावं लागतं, हे तिनं तिच्या आईबापांकडून ऐकलेलं होतं. तिला मिसर समजावून सांगावा लागला नाही. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात फारो मजुरांचा पेंढा बंद करतो आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवतो. आकडा भरला नाही की मार बसतो तो इस्राएलातल्याच नेमलेल्या मुकादमांना. हा भाग वाचताना आजी वडिलांना थांबवायची आणि त्या मुकादमांबद्दल हळहळायची. आपल्याच माणसांवर नेमलेला आपलाच माणूस, वरून मार आणि खालून शिव्या. आज टोळीचा मुकादम पाहिला की मला तो अध्याय आठवतो. तोही त्याच गावचा असतो, त्यानंही वरून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती अंगावर आली की तो खालच्यांच्या अंगावर जातो.

नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी आहे. हंगामाआधी कोयत्यामागे उचल मिळते, ती दवाखान्यात, लग्नात, जुन्या देण्यात संपते आणि मग सहा महिने ती अंगमेहनतीनं फेडायची. एखाद्यानं आजारपणात दिवस पाडला तर तो खाडा. एका खाड्याचे पाचशे रुपये कापल्याचं मी आमच्या फडात आलेल्या बायकांकडून ऐकलं आहे. हंगाम संपताना फिटली नाही ती बाकी पुढच्या वर्षावर जाते. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक सांगितली गेली, पण पाळीच्या दिवसांत काम थांबू नये, खाडा पडू नये, हे त्या बायकांच्या तोंडून पुन्हा पुन्हा आलं. विसाव्याचा एक दिवस नसल्याची किंमत शरीराचा अवयव देऊन चुकवली जाते, हे वाचून ज्या ख्रिस्ती माणसाला चौथी आज्ञा आठवत नाही त्यानं ती आज्ञा कशासाठी पाठ केली आहे?

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गहाणाचा नियम आहे. कर्जापोटी कुणाचं जातं तारण घेऊ नये, कारण जातं नेलं म्हणजे त्या घराचा जीवच नेला. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, तो तिच्याकडे डोळे लावून बसलेला असतो. आमच्यातले काही जण म्हणतात की हा जुना करार झाला, आपण कृपेखाली आहोत. त्यांनी याकोबाचं पत्र उघडावं, ते नव्या करारात आहे. पाचव्या अध्यायात तो श्रीमंतांना बजावतो की तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली ती ओरडते आहे, आणि त्यांचा आक्रोश देवाच्या कानी गेला आहे. प्रेषिताला उदाहरण म्हणून सुचला तो कापणीचा मजूरच.

रूथची गोष्ट आम्हा ख्रिस्ती घरांत मुलींची नावं ठेवण्याइतकी लाडकी. पण ती सुरू होते दुष्काळानं. बेथलेहेमातलं एक कुटुंब पोट भरायला परमुलखात जातं, घरातले तिन्ही पुरुष तिथेच मरतात, आणि सासू परतते ती विधवा परदेशी सुनेला घेऊन. दोघी जगतात ते ‘लेवीय’ या पुस्तकातल्या एका नियमामुळे: शेताच्या कडा कापू नको, पडलेली कणसं वेचू नको, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. इथे दान देणारा हात नाही. मालकानं फक्त सोडायचं आहे. वेचणारा येऊन आपल्या हक्कानं वेचतो, त्याला कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. आमच्या भागात याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे वाढे. ऊस तोडल्यावर शेंड्याचं हिरवं वाढं टोळीचं. ते बैलांना घालतात, उरलेल्या पेंढ्या संध्याकाळी गोठेवाल्यांना विकतात आणि त्यावर मीठमिरची चालते. अलीकडे काही शेतकरी वाढ्यातही वाटा मागतात. चाऱ्याचे भाव चढले की वाटा वाढतो. माझ्या दृष्टीनं वाढ्याची पेंढी मागणं म्हणजे शेताची कड कापणं.

मी शेतकऱ्याच्या बाजूनंही बोलू शकते, कारण साखरवाडीच्या रस्त्याला आमचा तीन एकर ऊस आहे. तुरे आलेला ऊस उभा असतो, टोळी मिळत नाही, मिळाली तर खुशाली म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, वाहनचालकाचे ‘एंट्री’चे पैसे वेगळे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच बिलातून कापला जातो. शेतकरी चिडतो आणि त्याची चीड समोर दिसेल त्या कोयत्यावर निघते. हे सगळं खरं आहे, तरी सगळ्यात खालच्या माणसाचा विसावा त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

मग आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत विसाव्याची आणि मजुरीची ही शिकवण गेली कुठे? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मराठी ख्रिस्ती माणसाची भक्ती घडवली ती नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी १९१७ मध्ये साताऱ्याला आला आणि त्यानं ‘देवाचा दरबार’ मांडला: मिशनच्या चौकटीबाहेरचा, संन्यस्त वृत्तीचा, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा मेळा. त्यांच्या अभंगांनी आम्हाला ख्रिस्त मराठीत दिला आणि त्या ऋणातून मी कधीच मोकळी होणार नाही. पण भक्तीची ती गोडी आम्ही उचलली आणि संदेष्ट्यांची तळमळ बाजूला राहिली. आमोसावर प्रवचन मी क्वचितच ऐकलं आहे. चपलांच्या जोडापायी गरिबाला विकणाऱ्यांवर तुटून पडणारा हा मेंढपाळ आमच्या व्यासपीठांवरून जवळजवळ अदृश्य झाला. टिळकांच्या घरातच याचं उत्तर होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त धर्मांतर घडतं ते पाण्याचा तांब्या, स्वयंपाकघर, विटाळ आणि जात यांच्या जागी. बाईंनी विश्वास पोटातून आणि हातातून ओळखला.

कापणीच्या सणाला आम्ही कणसं, भोपळे, उसाची मोळी वेदीपुढे ठेवतो, मग त्यांचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या निधीत जातात. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातला प्रथमफळांचा विधी यापेक्षा खूप पुढे जातो. टोपली ठेवणाऱ्यानं तिथे उभं राहून बोलायचं असतं, आणि त्या बोलण्याची सुरुवातच अशी की माझा पूर्वज घरदार नसलेला भटका होता. मग लेव्याला आणि आपल्यात राहणाऱ्या परक्याला सोबत घेऊन जेवायचं. पिकाचा आनंद स्थलांतरिताला पंगतीत बसवल्याशिवाय पुरा होत नाही. आमच्या वेदीपुढचा ऊस ज्यानं तोडला तो त्या वेळी चार किलोमीटरवरच्या फडात असतो.

वेशीच्या आत आलेल्याला कसं वागवावं हे फलटणला कुणी शिकवायला नको. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी तरडगावहून इथे मुक्कामाला येते तेव्हा गावातलं दार न् दार उघडं असतं. पिठलं-भाकरी, पाय चेपणं, आंघोळीचं पाणी. कुणी कुणाची जात विचारत नाही. मी स्वतः शेजारणींबरोबर भाकऱ्या भाजायला बसते. वारकरी रात्रभर राहतो, कोपीतलं कुटुंब पाच-सहा महिने राहतं. त्याला पाण्याचा नळ कोणता वापरू द्यायचा यावरून मात्र वाद झालेले मी पाहिले आहेत.

विसाव्याची ही मागणी केवळ ख्रिस्ती आहे असं कुणी समजू नये. फलटणशेजारच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवलं, बळी म्हणजे राबणाऱ्यांचा राजा. बायबल कसं वाचावं हे बाप्तिस्मा न घेतलेल्या त्या माणसाला आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा चांगलं कळलं होतं असं माझं मत आहे. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागत राहिले आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे सांगितलं गेलं. कामगाराचा विसावा खंडोबाच्या नावानं आला काय आणि शब्बाथाच्या नावानं आला काय, देवाला त्यात कमीपणा वाटेल असं मला वाटत नाही.

कारखान्याच्या फाटकाच्या आत कायद्यानं आठवड्याची सुट्टी आहे. फाटकाबाहेर, उसात, नाही. यावर हमखास उत्तर येतं की तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर वजन आणि उतारा घटतो, गाळप थांबवता येत नाही. ही सबब बायबलला ठाऊक होती. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मुद्दाम म्हटलं आहे की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतसुद्धा विसावा घ्यायचा. ज्या दिवसांत मालकाला तो सगळ्यात महाग पडतो नेमक्या त्या दिवसांत. शिवाय गाळप थांबवायची गरजच नाही. टोळ्यांना वार वाटून दिले, रोज सातातली एक टोळी घरी राहिली, तर गव्हाण रिकामी राहत नाही. कारखान्याचा शेती विभाग रोज तोडीचा कार्यक्रम आखतोच. आज टोळी बसते ती अवकाळी पावसात, तेव्हा तिला मजुरी नसते. त्याला विसावा म्हणता येणार नाही.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि सभासदाला लेखी ठराव मांडता येतो. मी सभासद आहे. माझा ठराव असा: हंगामात प्रत्येक टोळीला आठवड्यातून एक दिवस आळीपाळीनं सुट्टी द्यावी, त्या दिवसाचा खाडा लावू नये, त्या दिवसाची ठरावीक मजुरी तोडणी-वाहतुकीच्या खर्चात धरावी आणि बाईच्या वाट्याची रक्कम बाईच्या खात्यावर जमा करावी. हा पैसा शेवटी माझ्या उसाच्या बिलातून जाणार, हे समजूनच मी तो लिहिला आहे. आमच्या मंडळीतल्या ज्यांच्या नावावर ऊस आहे त्यांच्याकडे मी सह्यांसाठी येत्या रविवारी, उपासनेनंतर, कागद घेऊन उभी राहणार आहे. मंडळीबाहेरच्यांनीही सही करावी, कागदावर धर्माचा रकाना नाही.