तंद्री नव्हे, फिट असू शकते
तिसरीच्या वर्गात श्रुतलेखन घेताना एका मुलीची पेन्सिल वाक्याच्या मध्येच थांबायची. नजर स्थिर, पापण्या फडफडत. दहाएक सेकंदांनी ती पुन्हा लिहू लागायची. मधले शब्द गायब. घरचे म्हणत, अभ्यासात लक्ष नाही. ईईजीत अपस्माराचा ‘ॲब्सेन्स’ प्रकार निघाला. बहुधा 4 ते 10 या वयात सुरू होणारे हे झटके दिवसातून कित्येकदा येतात. मूल पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. योग्य औषधाने बहुतेक मुलांचे झटके आटोक्यात येतात. शिक्षिका म्हणून माझं ठाम मत आहे : अशा मुलाला ओरडणं हा अन्याय आहे. डीएड, बीएडला हे शिकवलंच पाहिजे. आणि पालकहो, हाक मारून, खांदा हलवूनही मूल भानावर येत नसेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा.