शब्द शोधा, पण औषध म्हणून नव्हे

इंग्रजी शब्दांचे खेळ आता घरोघरी मोबाइलवर पोहोचले आहेत. ‘स्क्रॅबल’ जुनाच, पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा ‘वर्डल’ २०२१मध्ये आला आणि जगभर पसरला. अमुक अक्षरं असलेला शब्द आठवायचा, एवढंच त्यांचं सूत्र. बाह्यरुग्ण विभागात हल्ली मुलंमुली विचारतात, ‘‘डॉक्टर, बाबा फार विसरायला लागलेत. त्यांना रोज हा खेळ खेळायला लावला तर फरक पडेल ना?’’ खेळायला हरकत काहीच नाही. पण त्या खेळाकडून औषधाची अपेक्षा ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

आधी मेंदू शब्द कसा शोधतो ते पाहू. शब्दकोशासारखी अक्षरवार मांडणी डोक्यात नसते. ‘आंबा’ म्हटलं की कैरी, कोकण, उन्हाळा आठवतो. ‘आंघोळ’ आठवत नाही. अर्थाच्या वाटेने जाणं मेंदूला सोपं, अक्षराच्या वाटेने अवघड. त्यातही पहिल्या अक्षरावरून शब्द सुचतो, मधल्या अक्षरावरून पटकन सुचत नाही. टवर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये लोकांना विचारलं होतं, की इंग्रजीत ‘के’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला जास्त येतं की तिसऱ्या जागी? बहुतेकांनी सुरुवातीला असं सांगितलं, कारण ‘किंग’, ‘काइट’ लगेच आठवतात. प्रत्यक्षात नेहमीच्या मजकुरात ‘के’ तिसऱ्या जागी जास्त असतो: मेक, टेक, लाइक, आस्क. चटकन आठवतं तेच जास्त असतं, असं नाही.

ही अवघड वाट आम्हा डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. ‘मॉका’ या प्रचलित चाचणीत रुग्णाला एका मिनिटात ‘एफ’ने सुरू होणारे शब्द सांगायला लावतात. विशेषनामं चालत नाहीत, एकाच शब्दाची वेगवेगळी रूपंही चालत नाहीत. नियम लक्षात ठेवणं, सांगितलेला शब्द पुन्हा न सांगणं, भलते शब्द बाजूला सारणं ही कामं प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या भागाची. दुसऱ्या चाचणीत एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायची असतात. तिथे अर्थाचं भांडार तपासलं जातं. अल्झायमरमध्ये बहुधा ही दुसरी चाचणी आधी आणि जास्त ढासळते. आपल्या ‘नाव, गाव, फळ, फूल’ या खेळात अक्षर आणि अर्थ अशा दोन्ही वाटा एकदम चालाव्या लागतात!

पण ही चाचणी घरी घेऊ नका. अक्षरावरून शब्द सुचणं शिक्षणावर आणि भाषेच्या सवयीवर फार अवलंबून असतं. आयुष्यभर मराठीत व्यवहार केलेल्या आजोबांना नातवाने ‘एफ’चे शब्द विचारले आणि चारच आले, तर त्यावरून इंग्रजीचा सराव कळतो, स्मृतिभ्रंश नाही. चाचणी नुसती मराठीत आणूनही भागत नाही. ‘क’ विचारला तर ‘काका’ आणि ‘किल्ला’ धरायचे की नाहीत, हे आधी ठरवावं लागतं. आजी-आजोबांची अशी परीक्षा घेतली की ते गप्प होतात, चारचौघांत बोलणं टाळतात. हे नुकसान खरं असतं.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ जणांवर झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना स्मरणशक्तीचं प्रशिक्षण दिलं त्यांची स्मरणशक्ती सुधारली, तर्काचं दिलं त्यांचा तर्क. एकातली सुधारणा दुसऱ्यात उतरली नाही. दृष्टीने माहिती झटपट टिपण्याच्या प्रशिक्षणाबाबत पुढे काही आशादायक निष्कर्ष आले, पण तो शब्दांचा खेळ नव्हता. मेंदूच्या खेळांनी स्मृतिभ्रंश टळतो असं भासवणाऱ्या जाहिरातींबद्दल ‘लुमोसिटी’च्या कंपनीला २०१६मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

मग करायचं काय? ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणं, दृष्टिदोष, एकटेपणा ही त्यांतली काही. बाबांना कमी ऐकू येत असेल तर खेळाच्या अ‍ॅपआधी श्रवणयंत्राचा विचार करा. मोतीबिंदू असेल तर त्याची शस्त्रक्रिया लांबवू नका. विसरभोळेपणामागे कधीकधी बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य असतं, आणि त्यावर उपचार आहेत. खेळात महिने घालवले तर ते राहून जातात.

शब्दखेळ आनंदासाठी जरूर खेळा. अक्षरं भरली की शब्दांची यादी देणारी संकेतस्थळं मात्र टाळा. शोधण्यातली मजाच ती काढून घेतात. आजी-आजोबांना इंग्रजी नको असेल तर भेंड्या लावा. गप्पा होतील, तोही फायदाच.

एक गोष्ट मात्र विसरू नका. नाव जिभेवर येऊन अडकणं वयानुसार होतंच. पण नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं दिसलं तर डॉक्टरांकडे जा. आणि बोलता बोलता अचानक शब्द सुचेनासे झाले, जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा हातातलं बळ गेलं, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेव्हा वाट न पाहता रुग्णाला थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.