बाळ लुचत नाही, तेव्हा

प्रसूती सुखरूप झाली की रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखी दोन-तीन दिवसांनी. आईची छाती दुधाने भरून येते तीही साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. म्हणजे खरी अडचण सुरू होते त्या वेळी शिकवणारी परिचारिका मागे राहिलेली असते आणि बाळंतिणीच्या उशाशी असते ती तिची आई किंवा सासू. म्हणून आजचा हा लेख बाळाच्या आईसाठी नसून आजीसाठी आहे. मी बालरोगतज्ज्ञ नव्हे. पण घरी परतलेली बाळंतीण बहुधा पहिल्यांदा कुटुंबाच्या डॉक्टरकडेच येते, आणि तिच्याबरोबर आलेली आजी खोलीत पाऊल टाकतानाच म्हणते, ‘‘डॉक्टर, हिला दूधच नाही.’’

हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचे असते. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक; दाट, पिवळसर आणि मोजका. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेस लागते तेही जेमतेम चमचा-दोन चमचे, कारण त्याचे पोटच तेवढे असते. गाईच्या चिकाचा खरवस आपण हौसेने मागवून खातो आणि स्वतःच्या नातवंडाचा चीक मात्र ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकतो, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. चिकात रोगांपासून संरक्षण करणारे घटक असतात, आणि पोटातली पहिली काळी शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते. जन्मानंतरच्या पहिल्या तासातच बाळाला छातीशी धरावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यासाठीच. तोवर मधाचे बोट, गुळाचे पाणी, ग्लुकोज, गुटीचे वळसे यांपैकी काहीही देऊ नये. मधाबाबत तर अधिकच सांभाळावे. त्यातील एका जंतूच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळाचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो.

आता मुख्य प्रश्न. दूध आहे, पण बाळ नीट लुचत नाही. छातीशी नेताच रडते, मान मागे टाकते, दोन घोट घेऊन झोपते, आणि आईच्या डोळ्यांत वेदनेने पाणी येते. बहुतेक वेळा याचे कारण एकच: बाळाच्या तोंडात फक्त बोंड गेलेले असते. बाळाने बोंड चोखायचे नसून त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात घेऊन लुचायचे असते. नुसते बोंड चावले गेले की त्याला भेगा पडतात आणि दूधही नीट निघत नाही. मग बाळ उपाशी, आई घायाळ, आणि आजी डबा उघडायला निघालेली.

आजींनी येथे काय पाहावे ते सविस्तर सांगते. आईने पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसावे. पाय लोंबत असतील तर खाली पाट द्यावा. बाळाला नुसती मान वळवून पाजू नये. त्याचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे आणि कान, खांदा व कंबर एका रेषेत असावी. मान वळवून पाणी पिऊन पाहा, म्हणजे बाळाची अडचण कळेल. बाळाचे नाक बोंडासमोर ठेवून बोंडाने त्याच्या वरच्या ओठाला हलकासा स्पर्श करावा आणि थांबावे. बाळ जांभई दिल्यासारखे तोंड मोठे उघडते, त्या क्षणी बाळाला छातीकडे आणावे. छाती बाळाकडे वाकवू नये. त्याने आईची पाठ दुखते आणि बाळाच्या तोंडात पुन्हा बोंडच जाते. हनुवटी आधी टेकली पाहिजे. पकड चांगली असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल फुगीर राहतात, काळसर भाग वरच्या बाजूस अधिक आणि खाली कमी दिसतो, आणि काही क्षणांनी दीर्घ, संथ लुचणे व गिळण्याचा आवाज सुरू होतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा चटचट आवाज येत असेल तर पकड उथळ आहे. अशा वेळी बाळाला ओढून काढू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सरकवावी, पकड सुटते. मग पुन्हा लावावे. चार वेळा लावावे लागले तरी हरकत नाही.

दोन सवयी मात्र आजींनी सोडाव्यात. एक, बाळाचे डोके मागून दाबणे. डोक्यावर दाब आला की बाळ मान मागे फेकते, आणि आपण म्हणतो, ‘याला अंगावरचे आवडत नाही’. आधार खांद्यांना आणि मानेच्या मुळाशी द्यावा. दुसरी, दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरणे. त्याऐवजी अंगठा वर व चार बोटे खाली, काळसर भागापासून दूर, असे धरावे.

शस्त्रक्रियेने बाळंत झालेलीला बसून पाजणे पहिले काही दिवस जड जाते. तिने कुशीवर निजून पाजावे, पाठीशी उशी लावून द्यावी. बोंड सपाट किंवा आत ओढलेले असेल तरी निराश होऊ नये. तोंडात पुरेसा भाग गेला तर अनेक बाळे अशा छातीवरही उत्तम पितात. इंजेक्शनच्या सिरिंजने बोंड हलके बाहेर ओढण्याची एक सोपी युक्ती आहे, ती परिचारिकेकडून एकदा समक्ष शिकून घ्यावी. छाती दगडासारखी भरून आली तर बाळाला धरायला जागाच उरत नाही. त्या वेळी पाजण्याआधी पाच मिनिटे कोमट फडक्याने शेकून हाताने थोडे दूध काढावे, काळसर भाग मऊ करावा आणि मग लावावे. पाजून झाल्यावर गार फडके ठेवावे. एका जागी लाल, दुखरी गाठ व ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे, पण त्या बाजूने पाजणे थांबवू नये. थांबवले तर दूध अधिकच साकळते.

गेल्या पावसाळ्यात एक आजी सहा दिवसांच्या नातीला घेऊन आल्या. तक्रार बाळाची नव्हतीच; सुनेच्या टाक्यांची होती. ‘‘बाळ फार शहाणे आहे, रात्रभर रडत नाही,’’ असे त्या कौतुकाने म्हणाल्या. मी बाळाला वजनकाट्यावर ठेवले. जन्माचे वजन 2900 ग्रॅम होते, त्या दिवशी भरले 2530. ओठ कोरडे, अंग पिवळे, आणि आदल्या दुपारपासून लघवीचा फक्त एक डाग, तोही विटकरी रंगाचा. ते बाळ शहाणे नव्हते; उपासाने गळून गेले होते. त्याच तासाला रुग्णालयात पाठवले. तेथे दोन दिवस प्रकाशाखाली ठेवून काविळीवर उपचार झाले आणि आईचेच काढलेले दूध वाटी-चमच्याने दिले गेले. पकड दुरुस्त केल्यावर त्याच सुनेला, जिला ‘दूधच नाही’ असे घरात ठरले होते, बाळापुरते दूध येऊ लागले. पंधराव्या दिवशी वजन जन्माच्या वजनावर पोचले.

म्हणून दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोटावरून ठरवावे. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा फिकट लघवी आणि काळ्याची पिवळी झालेली शी, ही पोट भरत असल्याची खूण. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटतेच. पण दहा टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे तीन किलोच्या बाळाचे तीनशे ग्रॅमवर, तर गंभीर समजावे. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचे असते. पहिल्या आठवड्यात झोपाळू बाळाला दर तीन तासांनी उठवावे. दुपटे सोडावे, तळपाय चोळावेत, लंगोट बदलावा. घट्ट गुंडाळलेले बाळ उबेने निजूनच राहते. रात्रीचे पाजणे तर मुळीच टाळू नये, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते.

पान्हा हा शब्द आपल्या भाषेत उगीच नाही. बाळ लुचू लागले की, कधी त्याचे रडणे नुसते ऐकले तरी, मेंदूतून एक संप्रेरक सुटते आणि दूध खाली उतरते. वेदना, धास्ती व अपमान यांनी तेच अडते. ‘आम्हाला बाई असे कधी झाले नाही’ हे वाक्य म्हणूनच बाळंतिणीच्या खोलीत उच्चारू नये. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात तिला उगाच रडू येते, ते बहुधा आपोआप ओसरते; दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली तर डॉक्टरांकडे न्यावे. अळीव, डिंक, मेथीचे लाडू जरूर द्या, पाणीही तहान भागेल इतके प्यायला द्या. पण दूध वाढते ते विहिरीसारखे. उपसले तरच झरा वाहतो. लाडू वाढवले आणि पाजणे कमी केले तर उपयोग नाही.

बाळाला लुचता येत नसेल तोवर दूध हाताने काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजावे. वाटी, चमचा उकळून घ्यावा. काढलेले दूध झाकून घरात चार तास आणि फ्रीजमध्ये चोवीस तास चालते. बाटली आणू नये. तिच्या बुचाला चोखण्याची रीत निराळी, आणि ती लागली की बाळ छातीशी गोंधळते. बाटल्यांच्या व दुधाच्या पावडरींच्या जाहिरातींना 1992च्या कायद्याने बंदी घालावी लागली, त्यामागेही आईचे दूध सुटू नये हाच विचार होता. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. मुदतपूर्व जन्मलेल्या, आजारी बाळांना आईचे दूध पुरेसे मिळेना तर दुसऱ्या मातेचे, तपासून निर्जंतुक केलेले दूध तेथे मिळते. थायरॉइडचा विकार, प्रसूतीतील अतिरक्तस्राव, छातीची पूर्वीची शस्त्रक्रिया अशा कारणांनी काही मातांना खरोखरच दूध कमी येते. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे आणि आईला दोष देऊ नये. कधी जिभेखालचा पडदा आखूड असल्यानेही पकड जमत नाही. तो तपासून घ्यावा.

बारा तासांत लघवी नाही, बाळ उठवूनही उठत नाही किंवा लुचतच नाही, पिवळेपणा पोटाखाली पायांपर्यंत उतरला, अंग गार किंवा तापलेले लागते, श्वास जलद चालतो किंवा टाळू खोल गेलेली दिसते, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर गुटी उगाळत बसू नये. रात्र असली तरी बाळाला आईच्या छातीशी उबेत धरून तत्काळ रुग्णालय गाठावे.