इशारा आणि अनास्था

दूरस्थ बैठक रंगात आली असताना पडद्यावर 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी झळकते आणि बहुतेक जण 'पुढे चला'चे बटण दाबून मोकळे होतात. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. संगणकाचे घड्याळ चुकले किंवा प्रमाणपत्राची मुदत संपली, तरी अशीच पाटी येते. व्हॉट्सॲपवर समोरच्याने फोन बदलला, तरी ६० अंकी सुरक्षा संकेत बदलतो. परंतु मध्ये कोणी तिऱ्हाईत शिरला, तरीही इशारा हाच! डिफी व हेलमन यांनी १९७६ साली उघड्या तारेवरून गुप्त किल्ली ठरविण्याची युक्ती मांडली खरी. मात्र पलीकडे नेमके कोण आहे, हे ती एकटी सांगू शकत नाही. म्हणून त्याच कॉलवर 'तुम्हीच ना?' असे विचारणे म्हणजे तोतयाकडेच त्याची ओळख मागणे होय. कॉल तोडावा, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर साधा फोन करून खात्री करावी. तोवर पासवर्ड वा बँकेचा तपशील उच्चारू नये. गुणपत्रके आणि वेतनाचे तपशील याच पडद्यावर दाखविले जात असता हा निर्णय कार्यालयांनी कारकुनाच्या एका बोटावर सोडावा, हे अनाकलनीय आहे. अशा प्रसंगी बैठक थांबविणाऱ्यास जाब विचारला जाणार नाही, एवढे परिपत्रक काढण्यास असा कोणता खर्च येतो?